तेविसावी खाच

१

पेटीत पन्नास खाचा होत्या. त्यांत बारा तारखेच्या अडतीस स्लाइड ओळीनं उभ्या असायला हव्या होत्या. बाविसावी होती, चोविसावी होती. तेविसावी नव्हती.

हे सोळा तारखेला सकाळी उघडकीला आलं. ज्या मुलीनं ते उघडकीला आणलं, तिलाच दुपारी कामावरून बाजूला करण्यात आलं.

तेविसावी स्लाइड एका शिंपीणबाईंच्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची होती. ताप, ताठलेली मान, असंबद्ध बडबड, अशा अवस्थेत बाईंना इस्पितळात आणलं होतं. मुलीनं स्लाइड रंगवली, सूक्ष्मदर्शकातून पाहिली आणि रिपोर्ट लिहिला: गुलाबी काड्या. डॉक्टरांनी गुलाबी काड्यांवरचं इंजेक्शन चालू केलं. पंधरा तारखेला बाई गेल्या. त्याच संध्याकाळी जंतू वाढवायच्या बशीनं उत्तर दिलं. काड्या खऱ्याच, पण घराणं दुसरं. जांभळं. त्या घराण्यातल्या या जंतूला ते इंजेक्शन म्हणजे नुसतं पाणी.

"मुलीनं जांभळ्याला गुलाबी लिहिलं," प्रयोगशाळेच्या प्रमुखसाहेबांनी कागदावर आणलं, "आणि चूक कळल्यावर स्लाइड लपवली."

वीस तारखेला चार वाजता चौकशी समिती बसणार होती. कपाटाला किल्ल्या चार: प्रमुखसाहेबांची, ज्येष्ठ तंत्रज्ञ नानांची, मुलीची, आणि इस्पितळातल्या प्रत्येक कुलपाची जोडकिल्ली बाळगणाऱ्या भांडारपालाची. पैकी तिघांवर कुणाचा संशय नव्हता. संशय घ्यायचाच तर स्वस्तात पडेल अशा माणसावर घ्यावा, ही मोठ्या संस्थांची जुनी सवय.

फक्त एक गोष्ट कुणी हिशेबात धरली नव्हती. समितीसाठी सगळ्या वह्यांच्या नकला काढायचं काम गेलं रेकॉर्डरूमला, आणि रेकॉर्डरूम ज्या बाईंच्या ताब्यात होती, त्या या मुलीच्या सख्ख्या मावशी होत्या.

२

मावशींना अख्खं इस्पितळ रकानाबाई म्हणे. रिकामा रकाना दिसला की त्यांना जेवण जात नसे. तीस वर्षांत त्यांनी तीन अधीक्षकांना अर्धवट भरलेले फॉर्म परत पाठवले होते आणि एका मंत्र्याला वय विचारलं होतं.

वीस तारखेला सकाळी नऊ वाजता त्यांच्या टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक, मृत्यूची नोंदवही, तिच्यात शिंपीणबाईंच्या नावापुढे 'कारण' हा रकाना कोरा. दोन, समोर बसलेली भाची, जेवणाचा डबा न उघडता त्याच्या झाकणावर बोट घासत.

"डबा घास, नाहीतर उघड. दोन्ही अर्धवट नको," रकानाबाई म्हणाल्या. "आणि मला नीट सांग. जांभळं काय, गुलाबी काय? मला वहीतलं कळतं, जंतूतलं नाही."

"मावशी, जंतूंची दोन मोठी घराणी धर. एकाची भिंत जाड, एकाची पातळ. आधी सगळ्यांवर जांभळा रंग ओतायचा. मग आयोडिन. आयोडिन त्या रंगाची आत गाठ मारून ठेवतं. मग स्पिरिटनं धुवायचं. जाड भिंतीवाले रंग धरून ठेवतात, पातळवाले सोडून देतात. शेवटी गुलाबी रंग. ज्यांचा धुऊन गेला, ते गुलाबी दिसतात."

"म्हणजे कोण कोण?"

"जांभळ्यांत द्राक्षांच्या घोसासारखे गोल असतात, ते गळवं आणि पिकलेल्या जखमांमध्ये. साखळीतले गोल घसा धरतात. जोडीजोडीनं राहणारे न्यूमोनिया करतात. धनुर्वाताच्या, घटसर्पाच्या काड्याही जांभळ्याच. गुलाबीत टायफॉइड, पटकी, लघवीच्या वाटेचे जंतू. क्षयाचा तिसराच. त्याची भिंत मेणचट, हा रंग त्याला नीट लागतच नाही. त्याला वेगळा रंग आणि वेगळं टेबल."

"आणि शिंपीणबाईंचा?"

"लिस्टेरिया. जांभळी काडी. हा थंडीतही वाढतो, फ्रिजमध्ये चार दिवस राहिलेल्या खाण्यातसुद्धा. म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायांना धरतो. पेनिसिलिनच्या घराण्यातलं जुनं, स्वस्त औषध त्याला लागू पडतं. तेच दिलं गेलं नाही." तिचा आवाज फाटला. "पण मी गुलाबीच पाहिलं, मावशी. दोनदा पाहिलं. मी खोटं बोलत नाहीये."

"रडू नकोस, कागद ओला होतो. तो समितीचा आहे."

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. शिंपीणबाईंचा नवरा. कोपऱ्यावरच्या दुकानात इस्त्री करायचा. बाई शिवायच्या, हा इस्त्री मारायचा, असा पस्तीस वर्षांचा संसार. मृत्यूच्या दाखल्यासाठी त्याचा हा चौथा हेलपाटा.

"कारण लिहिलं का, बाई?"

"चार वाजता कळेल. बसा."

तो बसला नाही. भाचीकडे पाहून म्हणाला, "रंगात काहीतरी गडबड झाली म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. पण आमची ही नवं कापड आलं की आधी त्याचा कोपरा कापून भिजवायची. रंग जातो का बघायची, मगच कात्री. रोज. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मी तिची चेष्टा करायचो, म्हणायचो, दुकानदारावर तुझा विश्वास नाही. ती म्हणायची, विश्वास आहे हो, पण कपडा दुसऱ्याचा आहे."

तो गेला. रकानाबाईंनी पेनचं टोपण लावलं.

"भाचे, तुमच्याकडे रोज कोपरा कोण भिजवतं?"

भाचीनं वर पाहिलं. "रोज सकाळी आधी एक तपासणीची स्लाइड रंगवायची असते. एका टोकाला माहीतगार जांभळे, दुसऱ्या टोकाला माहीतगार गुलाबी. दोन्ही बरोबर आले तरच त्या दिवशीचे रंग चांगले. ते काम नानांचं. ते रोज सही करतात."

"हो, सह्या आहेत. मी पाहिल्यात," रकानाबाई म्हणाल्या. "महिनाभर एकाच शाईच्या."

३

नाना म्हणजे गोड माणूस. तीस वर्षं प्रयोगशाळेत, प्रत्येकाच्या बारशाला हजर, प्रत्येकाच्या भांडणात मध्यस्थ. अशा माणसाला काही विचारायचं म्हणजे गुळाच्या ढेपेवर खिळा ठोकणं.

"बाई! रेकॉर्डरूमची पायरी उतरून तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?"

"पूर्वेकडूनच. वहीत नोंद आहे. नाना, तपासणीच्या स्लाइड दाखवा."

नानांचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे तेवढे हलले. त्यांनी पुठ्ठ्याची पेटी पुढे केली. एकोणीस दिवसांच्या एकोणीस स्लाइड, प्रत्येकीच्या खरखरीत पांढऱ्या काठावर पेन्सिलीनं तारीख. एक ते एकोणीस. सगळ्या देखण्या: एका टोकाला जांभळा ठिपका, दुसऱ्याला गुलाबी.

"सुंदर," रकानाबाई म्हणाल्या. "आणि ही बारा तारखेची रुग्णांची पेटी. हिच्यातल्या स्लाइडना पांढरा काठ का नाही? चिठ्ठ्या का चिकटवल्यात?"

"तो जुना माल होता. आता नवा आलाय, काठावर थेट लिहिता येतं. सोय झाली."

"छान. कधी आला नवा माल?"

"असेल… आता नक्की तारीख…"

"राहू द्या. तारखा माझं खातं आहे." त्या उठल्या. "तुमची मुलगी दिवसांत आहे ना, नाना?"

"आठवा महिना. का हो?"

"सहज. जपा म्हणावं. हा लिस्टेरिया गरोदर बायांना धरतो म्हणे."

 नानांनी पेटीचं झाकण लावलं, आणि ते तीनदा निसटलं.

४

भांडारपालाला लोक नन्नाशेठ म्हणत. काहीही मागा, पहिलं उत्तर नाही. स्वतःच्या लग्नातही भटजींना यानं आधी 'नाही' म्हटलं असेल, अशी वदंता होती.

"नव्या स्लाइड कधी आल्या?"

"नाही सांगता येणार."

"वहीत आहे."

"वही नाही दाखवता येणार."

"ती वही गेल्या वर्षी मीच आखून दिली. द्या इकडे."

त्यानं दिली. पांढऱ्या काठाच्या स्लाइड: आवक सतरा तारीख. त्याआधी एकही नाही. रकानाबाईंनी बोट त्या ओळीवर तसंच ठेवलं. एक तारखेची स्लाइड सतरा तारखेला आलेल्या काचेवर. कालचक्र उलटं फिरवायची कला नानांना कुणी शिकवली?

"आता आयोडिन," त्या म्हणाल्या.

नन्नाशेठ पहिल्यांदाच आपणहून बोलला. "त्याबद्दल मला नाही अडकवायचं. चालू बाटली संपली म्हणून दोन तारखेला दोन ताज्या बाटल्या दिल्या. नानांची सही घेतली. त्यांच्याकडे मागे पडून राहिलेल्या जुन्या बाटलीची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपलीय असं शेजारी लिहूनही दिलं. लाल शाईनं. पुढे ती ओतली की प्यायली, मला नाही माहीत."

लाल शाई होती. रकानाबाईंच्या मनात त्याच्याबद्दल अचानक आदर दाटून आला, आणि तो लपवायला त्यांनी चष्मा पुसला.

"आणि हे काय? स्लाइडचा रोजचा खप?"

"मोजल्याशिवाय मी नाही देत. रोज किती वापरल्या ते लिहून घेतो. ओरडतात सगळे."

बारा तारीख: तपासण्या अडतीस, वापरलेल्या स्लाइड एक्केचाळीस.

तीन स्लाइड जास्त. रकानाबाईंना तो आकडा दातात अडकलेल्या तुसासारखा टोचत राहिला.

जाता जाता त्या प्रमुखसाहेबांच्या दालनापाशी थांबल्या. साहेब सभ्य, इस्त्रीचे. मागे काचेचं कपाट, मान्यता द्यायला येणाऱ्या पथकासाठी सजवलेलं. नवी कोरी उपकरणं, ओळीनं बाटल्या. त्यांत आयोडिनची एक, सीलबंद, गडद तपकिरी.

"बाई, भाचीसाठी रदबदली करायला आलात का? मला वाईट वाटतं, पण…"

"नाही साहेब. एका रकान्यासाठी. ती हरवलेली स्लाइड तुम्ही पाहिली होती का? 'पाहणारे' या रकान्यात कुणाकुणाची नावं घालू?"

"माझं नाही. मी ती डोळ्यांनीही पाहिलेली नाही. पंधरा वर्षांत मी टेबलावर बसलेलो नाही. मी फक्त सह्या करतो."

"लिहून घेते," रकानाबाई म्हणाल्या, आणि खरंच लिहून घेतलं. साहेबांनी खाली सही केली. सवयीनं.

५

प्रयोगशाळेत दोन वह्या होत्या. रंगवून पाहिलेल्या स्लाइडची एका खोलीत, बशीत वाढवलेल्या जंतूंची दुसऱ्या खोलीत. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे काय लिहिलं जातं हे पाहायला वर्षानुवर्षं कुणी उठलं नव्हतं. महिनाअखेरीला दोन्ही रेकॉर्डरूममध्ये येत आणि वेगवेगळ्या फडताळांत झोपत.

रकानाबाईंनी त्या शेजारी शेजारी उघडल्या.

दीड तास खोलीत फक्त पट्टी सरकल्याचा आवाज. भाची समोर बसून होती. डबा अखेर उघडला होता, घास मात्र हातातच.

"ऐक," रकानाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका शांत होता की भाचीनं घास खाली ठेवला. "दोन तारखेपर्यंत सगळं जुळतं. स्लाइडमध्ये जांभळे, बशीतही जांभळे. तीन तारखेपासून पंधरापर्यंत बशीत जांभळे निघाले एकतीस जणांचे. स्लाइडवर जांभळे लिहिले गेले चौघांचे. उरलेले सत्तावीस गुलाबी. आणि सोळा तारखेपासून पुन्हा सगळं ठीक. तेरा दिवस जांभळे जंतू रजेवर गेले होते का ग?"

"सत्तावीस?"

"आणि हस्ताक्षरं तीन. तुझं, त्या रात्रपाळीच्या मुलाचं, आणि खुद्द नानांचं. गळवातल्या पुवाला नानांनी 'गुलाबी गोल' लिहिलंय, बशीत निघाले घोसवाले. तिघांचे डोळे एकाच दिवशी गेले आणि एकाच दिवशी परत आले?"

"आयोडिन," भाची पुटपुटली. "मरगळलेलं आयोडिन. गाठच बसली नाही. सगळे रंग सोडून गेले. म्हणजे मी पाहिलं ते…"

"ते तसंच होतं. तू बरोबर पाहिलंस. काच खोटं बोलत होती." रकानाबाई उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. त्यांना बसवेना. "दोन ताज्या बाटल्या दोन तारखेला आल्या आणि कपाटात शोभेला ठेवल्या. पाहुण्यांसाठी ठेवतात तशी कपबशी! आणि रुग्णांना आठ महिन्यांचं शिळं पाणी. पंधराच्या संध्याकाळी बशीचं उत्तर येतं, सोळाला कपाटातल्या दोनपैकी एका बाटलीचं सील फुटतं आणि जांभळे कामावर हजर होतात. म्हणजे पंधराला कुणाला तरी नेमकं कळलं होतं, काय बिघडलंय ते. त्याच रात्री तेविसावी स्लाइड गेली."

"पण मावशी, स्लाइड नेऊन काय मिळालं?"

"ते तू सांग. तुझा धंदा आहे."

भाचीनं विचार केला. "रंगवलेली स्लाइड धुता येते. पुन्हा नव्यानं रंगवता येते. ताज्या आयोडिननं ती जांभळी झाली असती, तर दोष डोळ्यांचा नाही, बाटलीचा, हे उघड झालं असतं."

"मग ती स्लाइड तुझा एकमेव साक्षीदार होती. तू कशाला लपवशील?" रकानाबाईंनी पुढची वही ओढली. "आता शेवटचं. बारा तारखेला तपासण्या अडतीस आणि स्लाइड एक्केचाळीस. तीन कुठे गेल्या?"

"फुटल्या असतील."

"फुटक्यांचा रकाना वेगळा आहे. नन्नाशेठनं आखून घेतलाय."

भाची वहीकडे पाहत राहिली. बारा तारखेला पाठीचं पाणी किती जणांचं आलं होतं? तिनं मोजलं. तिघांचं.

ती इतक्या झटक्यात उठली की डबा पालथा झाला.

६

चार वाजता समिती बसली. अधीक्षक मॅडम मध्ये, शेजारी दोन डॉक्टर. समोर प्रमुखसाहेब, नाना, नन्नाशेठ आणि भाची. इस्त्रीवाल्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. रकानाबाईंनी आधी त्याला आत आणून खुर्ची दिली, मगच तोंड उघडलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. वह्या मांडल्या. सत्तावीस ओळी वाचल्या. तीन हस्ताक्षरं दाखवली. मग नानांची पेटी उघडली.

"ही एक तारखेची तपासणीची स्लाइड. ही काच इस्पितळात आली सतराला. नाना, तुम्ही एकोणीस दिवसांचे कोपरे एकाच दुपारी भिजवलेत."

नानांनी मान खाली घातली. "साहेबांनी सांगितलं, बाई. पेटी पूर्ण दिसली पाहिजे. त्याआधी… त्याआधी आम्ही एकच चांगली स्लाइड ड्रॉवरमध्ये ठेवली होती. रोज तीच बघून सही करायचो. वर्ष झालं."

"वर्ष," अधीक्षक मॅडम म्हणाल्या.

"हे दुर्दैवी आहे," प्रमुखसाहेब मध्येच बोलले, शांतपणे. "पण या रुग्णाशी त्याचा संबंध नाही. लिस्टेरिया ताज्या आयोडिननंही रंग सोडतो, कुठल्याही पुस्तकात बघा. त्यातून अशी स्लाइड, पेशींच्या आत दडलेल्या दोन-चार काड्या. त्या कुणालाही फसवतील."

खोलीत डॉक्टर बसले होते, त्यांनी माना डोलावल्या. मुद्दा खरा होता.

"कुठे दडलेल्या, साहेब?" रकानाबाईंनी विचारलं.

"पेशींच्या आत."

"रिपोर्टात 'गुलाबी काड्या' एवढे दोनच शब्द आहेत. आत की बाहेर, किती, काही नाही. आणि हे तुमच्या सहीचं: 'मी ती डोळ्यांनीही पाहिलेली नाही.' मग आत डोकावून कोण आलं?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला. प्यायले नाहीत.

"आणखी एक. नन्नाशेठला स्लाइड पुन्हा रंगवता येते हे ठाऊक नाही, आणि त्यानं तर लाल शाईनं बजावून ठेवलं होतं. चोर नाना असते तर त्यांनी दोन नेल्या असत्या. नेली एकच. कारण पाठीच्या पाण्याच्या नेहमी दोन स्लाइड करतात, हे टेबलावर बसणाऱ्यालाच माहीत असतं. एक रंगवायची. दुसरी कोरी, क्षयाच्या टेबलावर ठेवायची, पुढेमागे त्या रंगाची गरज लागली तर. हातच्या सवयीनं होतं ते. दाराला कडी घातल्यासारखं. माझ्या भाचीलाही आठवलं नव्हतं. पंधरा वर्षं फक्त सह्या करणाऱ्याला कसं आठवणार?"

भाचीनं टेबलावर एक साधी काच ठेवली. चिठ्ठीवर तेवीस.

"रंगवा," अधीक्षक मॅडम म्हणाल्या. "इथेच. त्या कपाटातली बाटली आणा."

शोभेच्या बाटलीचं सील फुटलं. आधी भाचीनं एका नव्या काचेवर कोपरा भिजवला: माहीतगार जांभळे, माहीतगार गुलाबी. दोन्ही बरोबर आले. मग तेविसावी. जांभळा रंग. आयोडिन, दाट, तपकिरी. स्पिरिट. पाणी. गुलाबी.  तिनं सूक्ष्मदर्शक लावला, पाहिलं आणि बाजूला झाली. 

दोन्ही डॉक्टर आळीपाळीनं वाकले. दुसऱ्यानं मान वर न काढताच म्हटलं, "जांभळ्या. अगदी ठळक."

नाना हुंदका देऊन बोलले, "बाई, ती दुसरी स्लाइड मला माहीत होती. मी ती फेकू शकलो असतो. नाही फेकली."

"नाही फेकलीत," रकानाबाई म्हणाल्या, "आणि सांगितलीही नाहीत. पाच दिवस ही मुलगी माझ्यासमोर डबा घासत बसली होती, नाना. तिच्या बारशाला तुम्ही जेवून गेला होतात."

इस्त्रीवाला उठला. साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, हात उगारणार. त्यानं फक्त विचारलं, "बाटली उघडायला किती वेळ लागतो हो?"



सहा वाजता अधीक्षकांच्या कार्यालयातून रेकॉर्डरूमला तीन कागद आले. पहिला मृत्यूच्या कारणाचा. त्यात जंतूचं नाव होतं, आणि खाली, 'मुदतबाह्य रसायनामुळे चुकीचं निदान'. तो रकाना रकानाबाईंनी स्वतःच्या हातानं भरला आणि दाखला इस्त्रीवाल्याला दिला. त्यानं तो दोनदा वाचला, नेमक्या मधोमध घडी घातली आणि खिशात ठेवला.

दुसरा भाचीचा: उद्यापासून रुजू व्हावे. भाचीनं 'उद्यापासून' खोडून 'आज' केलं. "सत्तावीस जण आहेत, मावशी. त्यांना कुठलं औषध चाललंय ते आत्ता बघायला हवं." ती पांढरा कोट चढवत जिना उतरून गेलीसुद्धा.

तिसरा कागद प्रमुखसाहेबांचा होता. 'वैयक्तिक कारणास्तव रजेवर.'

रकानाबाईंनी तो वाचला. टेबलावरचं लाल शाईचं पेन नन्नाशेठ दुपारी विसरून गेला होता. त्यांनी ते उचललं, 'रजेवर' या शब्दाखाली एक रेघ ओढली, शेजारी लिहिलं, 'चुकीचा रकाना, दुरुस्त करून पाठवावे', आणि कागद परत अधीक्षकांकडे धाडला. मग त्या दिवा न मालवता बसून राहिल्या.

सव्वासातला कागद परत आला. 'निलंबित.' खाली सही.

तेव्हा त्यांनी कुलूप लावलं.